खांबाच्या पोटांत

बाजारांत मडकें घेतांना तें बोटाच्या पेरानें वाजवून घ्यावें, हें कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नसलेलें शास्त्र आपल्या घरांतील बायका पिढ्यान् पिढ्या जाणत आल्या आहेत. मडकें खणखणीत वाजलें तर तें नीट भाजलेलें व अखंड. बद्द वाजलें तर कोठें तरी चीर आहे, मग ती डोळ्यांस दिसो वा न दिसो. नारळ कानाशीं धरून हालविणें, कलिंगडावर थाप मारून पाहणें, हा सर्व त्याच विद्येचा विस्तार होय. आणि तिचें मर्म इतकेंच कीं, वस्तु न फोडतां तिच्या पोटांत काय आहे तें ओळखावयाचें. युरोपांतील वैद्यकासही ही विद्या पिंप ठोकणारांकडूनच मिळाली असें म्हणतात. व्हिएन्ना येथील आउएनब्रुगर नांवाच्या वैद्यानें रोग्याची छाती बोटांनीं ठोकून आंतील विकार ओळखण्याची रीत १७६१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तो एका खाणावळवाल्याचा मुलगा होता.

जुन्या नाशकांतील वाड्यांस एवढी विद्या पुरत असे. वाड्याचा सांगाडा उघडा असे. जोत्याचा काळा दगड, सागवानी खांब, त्यांवरच्या तुळया, तुळयांवरचा कडीपाट, सारें बसल्या जागेवरून मोजतां येई. आम्ही लहानपणीं ज्वरानें अंथरुणास खिळलों म्हणजे कड्या मोजण्याखेरीज दुसरी करमणूक नसे. वाळवीचा संशय आला कीं सुतार येऊन खांबाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत हातोडीनें ठोकीत जाई आणि जेथें आवाज बदले तेथें खडूची खूण करी. घर म्हातारें झालें कीं तें स्वतःच सांगे. तुळई वांके, दार चौकटींत अडूं लागे, पोटमाळ्याच्या भिंतीस फुगोटी येई.

सिमेंटच्या घराची तऱ्हा निराळी आहे. सळयांचा पिंजरा उभारावयाचा, भोंवतीं फळ्या ठोकावयाच्या, आंत वाळू, खडी व सिमेंट यांचा लगदा ओतावयाचा. फळ्या काढून वर गिलावा चढला कीं आंत काय आहे हें तो कंत्राटदार जाणे व परमेश्वर जाणे. काँक्रीट हें दाब सोसण्यास दगडासारखें खंबीर, परंतु ताण सोसण्यास अगदींच दुबळें. तो ताण लोखंडानें सोसावा या भरंवशावर आपण चार-चार मजले एकावर एक रचतों, आणि तें लोखंड मात्र जन्मांत एकदांच, ओतकामापूर्वींच्या दिवशीं, दृष्टीस पडतें.

मालाची परीक्षा होत नाहीं असें नाहीं. आमच्याच गांवीं दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. सारें नाशिक तिला 'मेरी' म्हणतें. १९५९ पासून धरणांच्या व पुलांच्या मालाची पारख करणें हा तिचा एक मोठा उद्योग आहे. काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे पाडावयाचे, अठ्ठावीस दिवस पाण्यांत ठेवावयाचे आणि मग यंत्रांत दाबून फोडावयाचे, ही परीक्षेची सर्वत्र रूढ असलेली रीत होय. परंतु ही शितावरून भाताची परीक्षा. आणि त्यांतही गोम अशी कीं, शीत वेगळ्या भांड्यांत शिजविलेलें असतें. ठोकळा कसा होता हें कळतें; खांबांत काय गेलें हें तो ठोकळा सांगत नाहीं.

हा प्रश्न आमच्या घरास नुसता विद्वत्तेचा नव्हता. गोदाकांठाजवळचा आमचा वाडा १९८८ सालीं पाडून त्या जागीं तळमजला व वर तीन मजले अशी इमारत आम्हां तिघां बंधूंसाठीं उभी राहिली. वडील हयात होते. मजले तीन झाले तरी देवघर एकच राहिलें आणि सणाचा स्वयंपाक एकत्र राहिला, एवढ्यावरून वाचकांनीं आमच्या घराची कल्पना करावी. २०२४ च्या श्रावणांत तळमजल्याच्या दर्शनी खांबास उभी चीर दिसली व तिच्यांतून गंजाचा तांबडा ओघळ खालीं उतरूं लागला. लोखंड गंजलें कीं तें फुगतें, मूळच्या कित्येक पट जागा मागतें, आणि ती जागा मिळविण्यासाठीं भोंवतालचें काँक्रीट फोडून बाहेर येतें. इमारतीस तीस वर्षें उलटून गेलीं म्हणजे तिच्या बळकटीची तपासणी करून घेणें महानगरपालिकांच्या कायद्याच्या कलम २६५-अ अन्वयें मालकांवर बंधनकारक आहे. ती वेळ आलीच होती. चीर दिसल्यामुळें ती टाळण्यास सबबही उरली नाहीं.

खांबाच्या चिरेपाठोपाठ घरांतही चीर पडूं लागली. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, ही इमारत पाडून नवी बांधावी. एक बिल्डर मोठ्या जागा देण्यास तयार आहे, तीन वर्षें कोठें तरी भाड्यानें राहिलों म्हणजे झालें. मुलें शहाणीं आहेत व त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. उलटपक्षीं आमच्या थोरल्या वहिनी आतां ऐंशीच्या घरांत आहेत. १९६३ सालीं त्या या जागेंत सून म्हणून आल्या. त्या एकच वाक्य बोलल्या, "एकदां वाडा मोडतांना मीं पाहिला आहे. दुसऱ्यांदां पाहावयास मी राहणार नाहीं." त्या बिल्डरानें आपल्या ओळखीचा एक गृहस्थ पाठविला. त्यानें दहा मिनिटें खांबांभोंवतीं फिरून, मान हालवून, इमारत धोक्याची आहे असें सांगितलें. कशावरून, असें आम्हीं विचारलें. तेव्हां तो म्हणाला कीं अनुभवावरून. अनुभवाविषयीं आमच्या मनांत आदर आहे, परंतु बेचाळीस वर्षांच्या कुटुंबाचा संसार उचलावयाचा तर दहा मिनिटांचा अनुभव आम्हांस थोडा वाटला.

डोळ्यांनीं केलेल्या पाहणीवर किती विसंबावें, याचा धडा महाराष्ट्रास महाग पडला आहे. १४ मार्च २०१९ रोजीं संध्याकाळीं मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसाजवळचा पादचारी पूल माणसांसह खालीं आला आणि सात जण प्राणांस मुकले. तत्पूर्वींच्या तपासणींत तो पूल वापरण्यास योग्य, फक्त किरकोळ दुरुस्तीचा, असा ठरलेला होता. त्याच्याहि आधीं २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडनजीक सावित्री नदीवरील जुना दगडी कमानींचा पूल पुरांत वाहून गेला व त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह गेल्या. त्याच दिवशीं आमच्या गोदेसही मोठा पूर होता. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढलें हें पाहून नाशिककर पुराचें माप घेतात. दुसऱ्या दिवशीं महाडची वार्ता आली, तेव्हां येथील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दगडी पुलाकडे पाहणाराच्या मनांत जो विचार आला असेल तो निराळा सांगावयास नको.

सुदैवानें आमच्या शाळेंतील एक जुनी विद्यार्थिनी आतां इमारतींच्या तपासणीचेंच काम करते. संस्कृत हा तिचा कधींच आवडता विषय नव्हता. गणितांत मात्र तिची बुद्धि पाण्यासारखी चाले. ती आली तीच दोन पेट्या व एक वही घेऊन. पहिल्या दिवशीं तिनें स्प्रिंगच्या हातोड्यानें प्रत्येक खांब ठोकला. हातोडा किती उसळी घेतो यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. मग खांबाच्या एका अंगास ध्वनिलहरी सोडून दुसऱ्या अंगास ती पोंचण्यास किती वेळ लागतो तें मोजलें. काँक्रीट दाट असेल तर ध्वनि त्यांतून वेगानें जातो, पोकळ किंवा चिरलेलें असेल तर रेंगाळतो. सेकंदास साडेतीन किलोमीटरांच्या वर वेग आला म्हणजे काँक्रीट चांगलें समजावें असें १९९२ सालच्या भारतीय मानकांत सांगितलेलें होतें, आणि आमचे बहुतेक खांब त्या कसोटीस उतरले. परंतु तिच्या कपाळावरची आठी गेली नाहीं. वडिलांच्या ट्रंकेंतून इमारतीचा निळा नकाशा तिनें मागून घेतला, जमिनीवर पसरला आणि म्हणाली, "सर, काँक्रीट बरें आहे. आंतलें लोखंड या नकाशाप्रमाणें आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न."

नकाशांत प्रत्येक खांबास उभ्या सळया व त्यांभोंवतीं सहा-सहा इंचांवर आडव्या रिंगा दाखविलेल्या होत्या. या रिंगांचें महत्त्व आम्हांस प्रथमच कळलें. उसाची मोळी तीन-चार ठिकाणीं करकचून बांधली तर ती उभी राहते. एकाच ठिकाणीं बांधली तर भार पडतांच ऊंस मधून फांकतात. खांबांतील सळयांचेंही तसेंच. भूकंपाचा धक्का बसला तर खांब तगणार कीं फुटणार हें पुष्कळसें या रिंगांवर अवलंबून असतें. आणि कंत्राटदारास काटकसर करावयाची झाली तर तीही सर्वांत सोपी येथेंच, कारण रिंगा मोजणारा कोणी नसतो. खात्री करून घ्यावयाची तर प्रत्येक खांबाचें कवच हातभर लांब फोडावें लागलें असतें. खांब चौदा. ज्यावर घर उभें आहे त्याच्याच बरगड्या उघड्या करून पाहणें म्हणजे रोग शोधण्यासाठीं रोगी मारण्यापैकीं झालें.

यासाठीं तिनें दुसरी पेटी उघडली. आंतून पानदानाएवढा एक डबा निघाला, खालीं चार चाकें, वर लहानसा पडदा. हें रडार. विमानें व जहाजें हुडकणारें जें रडार आपण ऐकतों त्याच जातीचें, फक्त आकाशाऐवजीं भिंतींत पाहणारें. डब्यांतून विद्युत्-चुंबकीय लहरींचे अत्यंत तोकडे ठोके आंत सोडले जातात. वाटेंत जेथें पदार्थ बदलतो तेथून लहरीचा कांहीं अंश मागें परततो. लोखंडावरून तर बहुतेक सारी लहर परतते. जाऊन येण्यास लागलेल्या वेळावरून खोली काढावयाची. हा वेळ किती सूक्ष्म तें पाहा. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एका भागांत प्रकाश हवेंतून सुमारें तीस सेंटिमीटर जातो. काँक्रीटमध्यें हीच लहर जड होऊन सुमारें दहा सेंटिमीटर चालते आणि पाण्यांत जेमतेम तीन. चार सेंटिमीटर खोल असलेल्या सळईचा निरोप अशा एका भागाच्याही आंत परत येतो, आणि तो पानदानाएवढा डबा त्याची नोंद घेतो!

भिंतीपलीकडे विद्युत्-लहरी जातात हें हिंदुस्थानांत प्रथम दाखविणारे जगदीशचंद्र बसू होत. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास त्यांनीं भिंतीआड ठेवलेली घंटा तारेवांचून वाजवून लोकांस चकित केलें. पुढें जर्मनींत हुल्समायर यानें १९०४ सालीं परतणाऱ्या लहरींवरून जहाजें ओळखण्याची युक्ति काढली. ऑस्ट्रियांत १९२९ च्या सुमारास एका हिमनदाची जाडी अशाच लहरींनीं मोजली गेली. आणि १९७२ च्या डिसेंबरांत अपोलो १७ च्या मोहिमेंत चंद्राच्या पृष्ठाखालीं काय आहे हेंही या रीतीनें पाहण्यांत आलें. चंद्रावरून ही विद्या आमच्या तळमजल्यावर येण्यास बावन्न वर्षें लागलीं.

डबा खांबावरून वरून खालीं सरकूं लागला तसे पडद्यावर एकाखालीं एक कमानीसारखे आकार उमटूं लागले. सळईचें टोक दिसावयाचें तेथें कमान कां, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "सर, रामकुंडापासून कांठाकांठानें चालत जा आणि प्रत्येक पावलास समोरच्या नारोशंकराच्या देवळापर्यंतचें अंतर मोजा. आधीं तें कमी कमी होत जाईल, देऊळ ऐन समोर आलें म्हणजे सर्वांत थोडें, मग पुन्हां वाढेल. तीं अंतरें कागदावर मांडलीं तर कमानच होईल. कमानीचा माथा आला तेथें सळई." लहर दिव्याच्या झोतासारखी फांकत जाते, म्हणून डबा सळईवर पोंचण्यापूर्वींच ती सळईस शिवते, आणि पुढें गेल्यावरही कांहीं वेळ शिवत राहते. पस्तीस वर्षें शिकवून आम्हांस इतका नेमका दृष्टांत सांपडला असता कीं नाहीं याची शंका वाटते. विद्यार्थी संस्कृतांत कच्चा राहिला तरी अगदींच वाया जात नाहीं.

दोन दिवसांत चौदा खांब झाले. नऊ खांबांत रिंगा सहा-सात इंचांवर, नकाशाबरहुकूम. ज्या दर्शनी खांबास चीर गेली होती त्याच्यांतही रिंगा बरोबर होत्या. तेथें दोष असा निघाला कीं, लोखंडावर काँक्रीटचें कवच चार सेंटिमीटर असावयाचें तें एका अंगास अवघें एक होतें, आणि पावसाची ओल तेथूनच शिरली. मागच्या बाजूच्या पांच खांबांत मात्र कमानी दूर दूर उमटल्या. दहा इंच, बारा इंच, एके ठिकाणीं चौदा. त्या खांबांस बाहेरून केसाएवढी चीर नव्हती. बिल्डराच्या गृहस्थानें त्यांकडे वळूनही पाहिलें नव्हतें.

हे पांचच कां, याचा उलगडा आमच्या वहिनींनीं केला. १९८८ सालीं काम चालूं असतां आमचे वडील रोज सकाळीं रस्त्याच्या बाजूस खुर्ची टाकून बसत. त्यांस बांधकामांतलें कांहीं कळत नसे; परंतु ते बसत, आणि गवंड्यांस तें ठाऊक असे. आश्विनांत ते आजारी पडले ते दिवाळीपर्यंत अंथरुणावरच होते. मागचे खांब त्या दिवसांत ओतले गेले. काम घेणारा तो गृहस्थ आज हयात नाहीं. त्याच्या मनांत काय होतें, कीं सळईच संपली होती, हें आतां कोण सांगणार? परंतु वडिलांच्या आजाराची मुदत छत्तीस वर्षांनंतर पडद्यावर इंचांत उमटलेली पाहून आम्ही कांहीं वेळ बोललों नाहीं.

अहवालाची वार्ता पसरतांच दोन्ही पक्षांनीं तो आपापल्या परीनें वाचला. पाडण्याच्या पक्षानें 'रडारनें इमारत नापास केली' असें म्हटलें. राखण्याच्या पक्षानें 'रडारनें नऊ खांब पास केले' असें म्हटलें. वास्तविक रडार पासही करीत नाहीं व नापासही करीत नाहीं. आंत कोठें पदार्थ बदलला एवढेंच तें सांगतें. सळई कोठें आहे व किती खोल आहे हें तें चांगलें सांगतें. ती किती जाड आहे हें भरंवशानें सांगत नाहीं. किती गंजली आहे हें प्रत्यक्ष दाखवीत नाहीं. आणि काँक्रीट किती भार सोसेल याचा तर त्यास पत्ताच नसतो. ओलसर भाग, पोकळी व खडीचा जाळीदार थर हीं पडद्यावर निरनिराळीं दिसतात खरीं, पण तीं ओळखणारा डोळा तयार असावा लागतो. अक्षरें छापलेलीं आहेत म्हणून अर्थ आपोआप कळत नाहीं. सायणाचार्यांवांचून वेद वाचणारांची जी गत होते तीच येथेंही व्हावयाची.

म्हणून तिनें आणखी परीक्षा केल्या. गंजाच्या शोधासाठीं सळईचा विद्युत्-दाब मोजला. रडारनें दाखविलेल्या सळया चुकवून तीन ठिकाणीं बोटभर व्यासाचीं लहान भोंकें पाडलीं व तेथें फेनॉल्फ्थॅलीनचा द्रव शिंपडला. काँक्रीटमधील क्षार शाबूत असेल तर तें गुलाबी होतें व त्यांतील लोखंड सुरक्षित समजावें. हवेंतील कार्बन डायऑक्साइड शिरून क्षार मेला असेल तर रंग येत नाहीं. (हाच पदार्थ पूर्वीं वैद्यकांत रेचक म्हणून देत असत. एका द्रव्याच्या नशिबीं किती प्रकारचीं पोटें तपासणें असावें!) मागच्या पांच खांबांस गुलाबी रंग चांगला आला. दर्शनी खांबाचा पातळ कवचाचा भाग पांढरा राहिला. तेव्हां तिनें मत दिलें कीं, इमारत पाडण्याजोगी नाहीं व जशीच्या तशी ठेवण्याजोगीही नाहीं. पांच खांबांभोंवतीं नव्या सळया व दाट रिंगा घालून वरून काँक्रीटचा नवा वेढा द्यावा, आणि दर्शनी खांबाचें सैल कवच काढून, गंज घासून, तो भाग नव्यानें भरावा.

तरीही एक गांठ राहिली. वाड्यास एक आड होता. तो १९८८ सालीं राडारोडा टाकून बुजविला गेला, आणि मागच्या पांचांपैकीं एखाद्या खांबाचा पाया त्याच्या कडेवर तर आला नाहीं ना, अशी शंका तिनें काढली. खांबाभोंवतीं वेढा दिला म्हणजे वजन वाढणार. खालची जमीन भरीव आहे हें आधीं कळलें पाहिजे. भूमीच्या पोटांत पाहावयाचें म्हणतांच घरांतील मुलांस भुयाराची आठवण झाली. जुन्या नाशकांतील प्रत्येक वाड्यास नदीपर्यंत जाणारें एक भुयार असतें आणि तें पाहिलेला मनुष्य नेहमीं आदल्या पिढींतला असतो. अशा कथांचें रडारपुढें सहसा कांहीं चालत नाहीं. पुरीच्या जगन्नाथाच्या रत्नभांडारांत गुप्त दालन आहे अशी पिढ्यांची समजूत होती; २०२४ च्या सप्टेंबरांत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनें तेथें याच यंत्रानें पाहणी केली, तींत त्या समजुतीस पुष्टि मिळाली नाहीं.

आमच्या अंगणांत तर भाद्रपदांत रडारला कांहींच दिसेना. खोल पाहण्यासाठीं लहर मंद लागते म्हणून तिनें मोठा डबा आणला होता. तरी हातभर खालीं सारें धुरकट. गोदाकांठची गाळाची चिकण माती, त्यांत पावसाळा. ओली चिकण माती लहर पिऊन टाकते, परत पाठवीतच नाहीं. आम्हांस वराहमिहिराची आठवण झाली. बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक अध्याय आहे. त्यांत झाडें, वारुळें व मातीचे रंग यांवरून भूमींतील पाणी कसें ओळखावें तें सांगितलें आहे. आमच्या पूर्वजांस रडार ठाऊक होतें असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तशीं विधानें करणारे लोक ग्रंथ उघडून पाहत नाहींत असा आमचा अनुभव आहे. पण एक गंमत खरी कीं, वराहमिहिर पाण्याच्या शोधांत होता आणि हें यंत्र पाण्यास भितें.

२०२५ च्या वैशाखांत माती कोरडी ठणठणीत झाल्यावर पुन्हां प्रयत्न झाला. यावेळीं वहिनी स्वतः काठी टेकीत मागील दारीं आल्या. तुळशीवृंदावन जेथें होतें ती जागा त्यांनीं काठीनें दाखविली आणि म्हणाल्या, "येथून सात पावलें. भरली घागर घेऊन सात, रिकामी घेऊन सहा." १९६९ च्या महापुरांत आडांत गाळ भरला तेव्हां तो उपसण्यास किती दिवस लागले हेंही त्यांनीं सांगितलें. डबा त्या रेषेनें ओढला. पडद्यावर आडवे सरळ थर येत होते ते एके ठिकाणीं तुटले, मग हात-दीड हात रुंदीच्या दोन कडा व मध्यें विस्कटलेला भराव, पुन्हां सरळ थर. तुळशीपासून अंतर मोजलें तें वहिनींच्या भरल्या घागरीच्या पावलांशीं जुळलें. जवळच्या खांबाचा पाया आडाच्या कडेपासून चार फुटांवर होता. मुलीनें वहींत आंकडा लिहिला व वहिनींस वांकून नमस्कार केला.

काम गेल्या हिवाळ्यांत झालें. मागच्या खोल्या तीन आठवडे रिकाम्या केल्या, देवघर पुढच्या माजघरांत आणलें, लोखंडी टेकू लागले. भोंकें कोठें पाडावयाचीं हें आधीं रडारनें पाहून खांबांवर खडूनें चौकटी आंखल्या होत्या, त्यामुळें गिरमिट जुन्या सळईवर एकदांही गेलें नाहीं. यावेळीं आम्ही रोज सकाळीं तेथें खुर्ची टाकून बसलों; रिंगाही मोजल्या. पाडण्याच्या पक्षाचें मत बदललें असें आम्ही म्हणत नाहीं. आज ना उद्यां नवी इमारत करावीच लागेल असें चिरंजीव म्हणतात, आणि आणखी किती वर्षें हें विचारलें तर आमची विद्यार्थिनीही आंकडा सांगत नाहीं. तीन वर्षांनीं पुन्हां पाहूं, इतकेंच म्हणते.

नवें काँक्रीट वाळल्यावर तिनें एकदां शेवटचा डबा फिरविला. नव्या रिंगा चार-चार इंचांवर स्पष्ट, ओळीनें दिसल्या. त्यांच्या आंत असलेलें जुनें लोखंड मात्र आतां दिसत नाहीं. पुढची जाळी इतकी दाट झाली म्हणजे लहर तिच्यापलीकडे जाऊं शकत नाहीं. म्हणून २०२४ सालचे ते पांच खांबांचे छाप, दूर दूर कमानींचे, तिनें कागदावर काढून दिले, आणि ते आम्हीं निळ्या नकाशाबरोबर वडिलांच्या ट्रंकेंत ठेवले आहेत.